गढीत राहायला जा, पण बुरुज पोकरू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खटाव तालुक्यात तुमची वडिलोपार्जित गढी आहे. चार बुरुजांपैकी दोन उभे आहेत, एक अर्धा ढासळलाय आणि चौथ्याच्या जागी उकिरडा आहे. आत एक सोपा, म्हणजे चौकाकडची ओसरीवजा खोली, शाबूत असून तिथे काकू एकट्या राहतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या तोफेच्या बुरुजाचं कुणीतरी देखणं घर केल्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिलात आणि आपल्या मोठ्या बुरुजात दोन खोल्या काढून वर काचेचं छप्पर टाकता येईल का, असं विचारताय. मेहुण्यांचं म्हणणं वेगळंच आहे: गढीच्या नादी लागू नका, कोकणात समुद्राकाठी जुन्या तटालगतची जागा मिळतेय, ती घेऊ.

मी गेली पंचवीसेक वर्षं साताऱ्यात राहून जुन्या वाड्यांची आणि गढ्यांची दुरुस्ती करतोय. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. गढीत राहा, जरूर राहा. बुरुजाच्या पोटात राहू नका. आणि कोकणातली ती जागा कागद बघितल्याशिवाय विसरा.

तुम्ही पाहिलेलं घर सफोक परगण्यात बॉड्सी गावाजवळचं असणार. 'टॉवर वाय' म्हणतात त्याला. नेपोलियन स्वारी करून येईल या धास्तीने इंग्रजांनी 1805 ते 1812 या काळात दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर असे 103 बुरुज बांधले. दक्षिणेकडच्यांना आकडे दिले, पूर्वेकडच्यांना अक्षरं, म्हणून हा 'वाय'. या प्रकाराला मार्टेलो बुरुज म्हणतात. नावाची गोष्ट गमतीची आहे. 1794 मध्ये कॉर्सिका बेटावरच्या मोर्टेला टोकावरच्या एका लहानशा गोल बुरुजाने दोन ब्रिटिश युद्धनौकांना दाद दिली नाही. दोन-तीन तोफांच्या जोरावर त्याने त्यांना मागे फिरायला लावलं. इंग्रजांनी बुरुजाची नक्कल केली आणि नाव मात्र चुकीचं लिहून घेतलं. पुढे नेपोलियन काही आला नाही, बुरुज तसेच राहिले.

आता तो बुरुज आतून कसा आहे बघा. एकेकाला पाच ते सात लाख विटा लागल्या, बांधकाम चुन्यात. समुद्राकडची भिंत काही ठिकाणी 13 फुटांपर्यंत जाड, जमिनीकडची निम्म्याने कमी, कारण गोळा समुद्राकडूनच यायचा. दरवाजा जमिनीपासून दहाएक फुटांवर, शिडी लावून चढायचं. आणि आत सगळी पोकळी. खाली दारूगोळा आणि शिधा, मधल्या मजल्यावर एक अधिकारी आणि चोवीसेक शिपायांची राहण्याची सोय, वर विटांचं भक्कम कमानदार छत आणि छतावर गोल फिरणाऱ्या तोफा. म्हणजे तो पहिल्या दिवसापासून माणसं राहण्यासाठीच बांधलेला होता. 2010 च्या सुमारास त्याचं घर झालं तेव्हा वास्तुविशारदांनी भिंतींशी फारशी झटापट केलीच नाही. वर पोलाद आणि प्लायवूडची एक पातळ, वक्र टोपी बसवली, टोपी आणि कठडा यांच्यामध्ये काचेची पट्टी ठेवली, आणि उजेड वरून आत घेतला. टोपी कठड्याच्या आड इतकी लपलीय की खालून बघणाऱ्याला बुरुज पूर्वीसारखाच वाटतो. काम उत्तम आहे, मलाही आवडतं.

पण तुमचा बुरुज पोकळ नाही.

आपल्या गढीचा बुरुज म्हणजे बाहेरून दगडाचं कवच आणि आत दाबून भरलेली माती, मुरूम, दगडगोटे. खालचे दहा-बारा फूट काळ्या पाषाणाचे, त्यावर पांढरी माती किंवा विटा, असंच तुमच्याकडेही असेल. कवच चार ते सहा फुटांचं. त्याचा बाहेरचा चेहरा घडीव, पण आतला चेहराच नसतो. दगडांच्या शेपट्या वाकड्यातिकड्या भरावात घुसलेल्या असतात. कवच भरावाला धरतं आणि भराव कवचाला. दोनशे-अडीचशे वर्षांत दोघांची अशी घडी बसलेली असते की एक काढला की दुसऱ्याला कळतच नाही आपण कशाला टेकून उभे आहोत.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गढीच्या मालकांनी मला बोलावलं. मी जायच्या आधीच त्यांनी उत्साहाच्या भरात बुरुजाच्या डोक्यावरून दहा फूट खोल भराव काढून टाकला होता. खोली 'निघाली' म्हणून सगळे खूश होते. मी म्हटलं, उद्याच्या उद्या परत भरा, नाहीतर निदान वर पत्रा टाका. मे संपत आला होता. मजूर लग्नसराईत, पत्र्याचं राहून गेलं. जूनमध्ये एका रात्री धुवाधार पाऊस झाला. खणलेला खड्डा म्हणजे तोंड वर केलेली विहीरच, ती भरली. पाणी भिंतीतून वाट काढू लागलं, पांढरी माती विरघळली आणि पहाटे अर्धा बुरुज रस्त्यावर आला. तिथे रोज सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन माणसं थांबायची. त्या दिवशी पावसामुळे कुणी नव्हतं, एवढंच नशीब. तुमचा ढासळलेला बुरुजही एकदा नीट बघा. पायथ्याशी खणल्याच्या खुणा दिसल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका. गुप्तधनाच्या नादाने आपल्याकडे पावसापेक्षा जास्त गढ्या पाडल्या असतील, असा माझा ग्रह आहे.

मग व्हिडिओतलं ते छप्पर? ते जमू शकतं, फक्त बुरुजाच्या डोक्यावर. आपल्याकडे दरवाजावर लाकडी नगारखाना असायचाच: खाली दगड, वर हलकं लाकूड. तसंच एक हलकं दालन, पोलादाच्या बारीक खांबांचं किंवा सागाचं, वर पत्रा किंवा कौलं, चारी बाजूंनी उघडझाप करता येणारं. खांबांसाठी खड्डे खणायचे नाहीत. रुंद पट्ट्यांवर वजन पसरवायचं, कडेपासून चार-पाच फूट आत राहायचं, आणि छपराचं सगळं पाणी पन्हळीने बुरुजाच्या बाहेर, पायापासून लांब सोडायचं. तिथे बसून चहा घ्या, पाहुणे झोपवा. पण संडास-बाथरूम बुरुजावर नको. त्याचं कारण पुढे येईल.

आता खरं काम. जुन्या बांधकामात नव्वद टक्के रोगांचं नाव पाणी. 'इथे कुठेतरी पाणी मुरतंय' हे आपण संशयाने म्हणतो, ते गढीच्या बाबतीत शब्दशः घ्यायचं. तुम्ही आर्किटेक्टकडे नकाशा काढायला जाण्याआधी एक पूर्ण पावसाळा नुसतं बघा. खटावला पाऊस तसा बेताचाच, महाबळेश्वरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पण बेताचा पाऊस दोन-चार तडाख्यांत पडतो आणि तोच घात करतो. भिंतीच्या माथ्यावर सपाट खाच असेल तर तिथे पाणी साचतं आणि आतल्या गाभ्यात उतरतं. दगडी भिंत म्हणजे दोन पदर आणि मधे दगड-मातीची भरड. भरड भिजली की फुगते, खाली बसते, आणि बाहेरचा पदर पुढे ढकलला जातो. गवंडी म्हणतात, भिंतीला पोट आलं. ओळंबा लावून मापा आणि तारीख टाकून लिहून ठेवा. पोट जुनं असेल आणि वाढत नसेल तर त्याला हात लावू नका. एका पावसाळ्यात बोटभर वाढलं तर आधी टेकू, मग बाकीच्या गप्पा.

पिंपळ आणि उंबर हे दुसरं प्रकरण. मुळं उपटायची घाई करू नका. मूळ भिंतीत शिरलेलं असतं, ते ओढलं की भिंतच हातात येते. खोड कापायचं, बुंध्याला भोकं पाडून त्यात औषध भरायचं, आणि तो पूर्ण मरेपर्यंत थांबायचं. फूट आली तर परत तेच. मेल्यावर त्या भागातले दगड चुन्याने आकडे घालून, फोटो काढून उतरवायचे, मूळ काढायचं आणि दगड त्याच जागी चढवायचे. पिंपळ तोडायला गावात कुणी तयार होत नाही, हा अनुभव प्रत्येक ठिकाणी येतो. मी आधी रोप दुसरीकडे लावायला सांगतो, मग माणूस मिळतो.

भिंतीच्या माथ्याला चुन्याचा उतार द्या, फांजीवरचं, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवरचं, पाणी बाहेर काढा, आणि गढीच्या पायाभोवती साचलेली माती खाली करा. गेल्या शंभर वर्षांत गल्ली वर आलेली असते, ग्रामपंचायतीने काँक्रीटचा रस्ता केला की आणखी वीतभर. मग रस्त्याचं पाणी तुमच्या पायात. तिथे चर काढून दगडगोटे भरा आणि पाणी लांब न्या. पहिल्या वर्षी एवढंच केलंत तरी पैसे वसूल.

सिमेंट वापरू नका. हे ऐकून तुमचा ठेकेदार हसेल. मीही पहिली दोन वर्षं हसत होतो. सुरुवातीच्या काळात एका वाड्याचा सोपा मी सिमेंटच्या गिलाव्याने चकाचक करून दिला होता. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मालकीणबाईंनी फोन केला, 'साहेब, भिंत पिठासारखी गळतीय.' लोणा लागला होता. जुन्या भिंतीला दगडी पाया असला तरी ओल थांबवणारा थर नसतो. जमिनीतली ओल वर चढते आणि चुन्या-मातीच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जाते, भिंत श्वास घेते तो असा. सिमेंटने नाक दाबलं की ओल आणखी वर चढते, सोबत क्षार नेते, आणि जिथे वाट मिळेल तिथे क्षार फुलून गिलावा फोडतात. शिवाय सिमेंट दगडापेक्षा हटवादी असतं. भिंत उन्हा-थंडीत जराशी हलली की चुना तिच्याबरोबर हलतो, सिमेंट तडा देतं किंवा दगडाची कड उडवतं. तो गिलावा मी माझ्या खर्चाने उतरवला. भिंत वाळायला दीड वर्ष गेलं.

चुना शिकून घ्या, अवघड नाही, फक्त वेळ मागतो. कळीचा चुना आणून पाण्यात विरवायचा. उकळ्या फुटतात, लहान मुलं आणि डोळे जपा. मग तो पाण्याखाली किमान महिनाभर ठेवायचा, मी तीन महिने ठेवतो. त्यात धुतलेली वाळू आणि सुरखी, म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटांची भुकटी. एक भाग चुना, दीड भाग वाळू, दीड भाग सुरखी यापासून मी सुरुवात करतो आणि तिथल्या वाळूप्रमाणे बदलतो. गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद हे सगळे घालण्याची आपल्याकडे रीत आहे. गुळाने आणि हिरड्याच्या पाण्याने लगदा लवचीक होतो, कामाला बरा पडतो. पण दोन पोती गूळ ओतून वाईट चुना चांगला होत नाही. एका साइटवर गुळाने मुंग्यांचीच सोय झाली होती. किल्ल्यांवर चुन्याची घाणी दिसतात, दगडी चाक आणि गोल चर. तिथे बैल जुंपून हा लगदा तासन्‌तास मळत. सगळी करामत त्या मळण्यात. आता मिक्सर वापरा, पण वेळ तेवढाच द्या.

आणि हंगाम पाळा. चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला ओलावा लागतो आणि वेळ लागतो. दिवाळी ते होळी हे आपले दिवस. एप्रिलच्या उन्हात तो मुरण्याआधी वाळून भुगा होतो, जुलैमध्ये धुऊन जातो. दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरल्यावर गोणपाट टाकून दोन-तीन आठवडे पाणी शिंपडायचं. ठेकेदार तीन दिवसांत शिंपडणं बंद करतो, म्हणून ते काम काकूंवर सोपवा. मी विनोद करत नाहीये. माझ्या सगळ्यात चांगल्या झालेल्या भिंती घरातल्या बायकांनी पाणी मारलेल्या आहेत.

सोप्याचं माळवद ही खरी धोक्याची जागा आहे. खांब, तुळया, कडीपाट, त्यावर किलचन (बारीक लाकडांचा थर) आणि वर पांढरी माती. गळती थांबावी म्हणून दर वर्षी पावसाआधी वर नवी माती टाकायची पद्धत. जुनी कुणी काढत नाही. पन्नास वर्षांत एक फुटाचे दोन फूट होतात. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साडेचार-पाच टन. दोन फूट असेल तर दुप्पट, आणि भिजली की आणखी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला हजारो माणसं गेली ती मुख्यतः यामुळेच: जाड दगडी भिंती मातीत बांधलेल्या आणि डोक्यावर माळवदाचं ओझं. किल्लारी दूर वाटत असेल तर 11 डिसेंबर 1967 ची पहाट आठवणारी म्हातारी माणसं पाटणला अजून भेटतात. कोयना आपल्याच जिल्ह्यात आहे.

म्हणून माळवदावरची जादा माती उतरवा, पण सगळी एका बाजूने नको. तुळया एका अंगाला हलक्या झाल्या की खांब तिरपे होतात. चारी बाजूंनी थोडी थोडी काढायची, आधी खालून टेकू देऊन. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं टोकरून बघा. मधला भाग ठणठणीत आणि टोक भुसा, असं वारंवार दिसतं. वर चार-सहा इंचांचा हलका थर आणि त्यावर वेगळा, खेळत्या हवेचा पत्रा किंवा कौलारू उतार, हे मी बहुतेक ठिकाणी करतो. काहींना आवडत नाही, माळवदाचं रूप जातं म्हणतात. मला माणसं जास्त आवडतात. भिंतींसाठी दर तीन-चार फुटांवर आरपार जाणारे दगड घालून दोन्ही पदर एकमेकांना शिवायचे आणि छताच्या पातळीला सलग पट्टा बांधायचा. भारतीय मानक 13828 मध्ये अशा कच्च्या दगडी बांधकामासाठी साध्या सूचना आहेत आणि 13935 मध्ये दुरुस्तीच्या. तुमच्या इंजिनिअरने ही दोन्ही उघडून बघितलीयत का, एवढा एकच प्रश्न त्याला विचारा. चेहऱ्यावरून कळेल.

राहण्याच्या सोयींबद्दल माझं धोरण एकच आहे: जुन्या भिंतीच्या आत नवं घर उभं करा, भिंतीवर नाही. नवीन मजला हवा तर त्याचे खांब स्वतःच्या पायावर उभे राहावेत, भिंतीपासून चार बोटं लांब. उद्या तुमच्या नातवाला ते नको झालं तर बोल्ट काढून नेता यावं. आणि नवं ते नवं दिसू द्या. 1964 च्या व्हेनिस सनदेत हेच तत्त्व आहे, पण मला ते एका पाथरवटाने आधी शिकवलं होतं. नवा दगड जुन्यात बसवताना तो म्हणाला, 'याला काजळी फासू नका साहेब, दोनशे वर्षांनी आपोआप काळा होतोय.'

उजेडासाठी तटाला खिडक्या फोडू नका. आपल्या जुन्या माणसांनी उजेड कधी तटातून घेतला नाही, तो चौकातून घेतला. चौक मोकळा करा, सोप्याच्या बाजूला मोठी दारं द्या, जंग्यांना, म्हणजे तटातल्या बंदुकीच्या भोकांना, बारीक जाळी बसवून त्या वाऱ्यासाठी ठेवा. जाड भिंती उन्हाळ्यात काय करतात हे अनुभवायचं असेल तर मे महिन्यात भर दुपारी लिंबच्या बारामोटेच्या विहिरीत जाऊन बसा. 1719 ते 1724 मध्ये बांधलेली ती विहीर, मोटांच्या मधोमध दगडी महाल. बाहेर जीव नकोसा झालेला असतो आणि आत अंगावर गारवा येतो. गढीतली जाड भिंत दिवसाचं ऊन पोटात ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते, म्हणून तुम्हाला एसी लागणार नाही. मात्र पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद ठेवलीत तर आत कोंडलेली दमट हवा गार भिंतीवर घाम धरते आणि कपाटांना बुरशी. कपाटं भिंतीला चिकटवू नका, हवा खेळती ठेवा.

संडास, मोरी, स्वयंपाकघराचं पाणी हे जुन्या भिंतींपासून वेगळ्या, नव्या छोट्या खोलीत घ्या. चौथ्या बुरुजाच्या उकिरड्याची जागा यासाठी चालेल, आधी पाया शिल्लक आहे का ते बघा. शोषखड्डा पायापासून शक्य तेवढा लांब. भिंतीत पाइप पुरायचा नाही. नळ फुटला की कळायला वर्ष जातं, आणि तोवर भरड भिजून झालेली असते. वायरिंगही उघड्या पाइपातून, घासून-फोडून नाही.

गढीत पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा, असेल, बहुधा असतंच. तोंड सापडलं म्हणून लगेच आत उतरू नका. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीच्या पेवांत उतरण्याआधी तोंड उघडून काही तास जाऊ देत, आत प्राणवायू नसतो. ती जाणती माणसं, तरी घाई करत नसत. तुमचं पेव तर शंभर वर्षं बंद असेल. बळदांत, म्हणजे भिंतीतल्या धान्याच्या कोठ्यांत, सापही असतात.

कागदपत्रांत बहुतेक प्रकल्प मरतात. सातबारा किंवा गावठाणातला उतारा काढा आणि नावं मोजा. गढी तुमची असं तुम्ही लिहिलंय, पण आजोबांच्या चार भावांचे वारस किती? काकूंचा हिस्सा कसा? सगळ्यांची लेखी संमती किंवा रीतसर वाटणी झाल्याशिवाय एक दगड हलवू नका, कारण गढीला रंग चढला की मुंबईहून पुतणे येतात. मग केंद्र किंवा राज्य पुरातत्त्व खात्याचं एखादं संरक्षित स्मारक जवळ आहे का ते बघा, जुनी मंदिरंही त्यात येतात. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. खणताना हंडा-बिंडा निघालाच तर 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहाच रुपये, हो.

आता मेहुण्यांच्या कोकणाबद्दल. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, कुलाबा, जंजिरा हे सगळे केंद्र संरक्षित आहेत. सिंधुदुर्गात काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण ती आधीपासूनची. तुम्हा-आम्हाला तिथे घर मिळायचं नाही. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीतही गेले, आपल्या प्रतापगडाबरोबर. संरक्षित नसलेल्या तटालगतची जागा असली तरी किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना वारसास्थळांना सगळ्यात कडक वर्गात टाकते. तेरेखोलच्या किल्ल्याचं हॉटेल झालं होतं हे मेहुणे सांगतील. झालं होतं, पण ते गोव्यात, आणि सरकारी मालकीचा किल्ला सोयीसाठी वापरणं आणि आपण सातबाऱ्यावर घेऊन घर करणं यात फार अंतर आहे.

तांत्रिक बाजूनेही समुद्र वेगळाच वैरी. तिथला जांभा पाणी पितो आणि खारं वारं वर्षभर. पाणी उडून जातं, मीठ दगडात राहतं, आणि स्फटिक होताना दगडाचे पापुद्रे काढतं. साधं लोखंड घातलं तर ते गंजून फुगतं आणि दगड फोडतं. सफोकच्या त्या बुरुजाच्या जोडीदारांपैकी काही समुद्राने गिळलेत. तुमच्या खटावात हे काही नाही. कोरडी हवा, कणखर काळा दगड, जवळ वाळू. दुरुस्तीसाठी यापेक्षा सोपी जागा मला माहीत नाही.

माणसं कोण घ्यायची हे विचारलंय. आर्किटेक्ट कमी महत्त्वाचा, चुन्यात काम केलेला एक म्हातारा गवंडी जास्त. वाई-मेणवलीच्या बाजूला, औंधला, मंदिरांच्या कामांवर अशी माणसं अजून सापडतात. त्याला चार हात भिंत नमुना म्हणून करू द्या, एक पावसाळा जाऊ द्या, मग बाकीचं ठरवा. पैशाचं म्हणाल तर जे ठरवलंय त्यातले निम्मे छत, पाणी आणि भिंतींसाठी बाजूला काढा. टाइल्स आणि सोफा उरलेल्यातून. लोक उलटं करतात.

आणि या पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस लागला की रजा काढून या. छत्री घेऊन आधी बाहेरून गढीला एक फेरी मारा, पाणी कुठून उतरतं ते मोबाइलवर टिपा. मग आत जाऊन काकूंना विचारा, गळतीला कुठली भांडी कुठे ठेवतात. परात कुठे, घमेलं कुठे, बादली कुठे. ते सगळं एका कागदावर काढून मला पाठवा. कुठल्याही सर्व्हेच्या आधी मला तो नकाशा हवाय.